आडवी विहीर

माझे मोठे काका लोटन सखाराम, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, यांच्यावर दोनदा अन्याय झाला. पहिला, गेल्याच्या आधीच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या पाळीत, पहिला चहा व्हायच्या आत: हिमालयातल्या रेल्वेच्या बोगद्याचं छत त्यांच्या अंगावर आलं. दुसरा, त्यानंतर चौथ्या दिवशी, भर दुपारी, आमच्याच दारात: त्यांच्या मरणाच्या कागदावर माझ्या वडलांचं नाव लिहिलं गेलं. माझे वडील जिवंत आहेत. हे मी लिहिते आहे तेव्हा ते ओसरीत बसून कैऱ्या निवडताहेत.

दुसऱ्या अन्यायात माझा हात आहे. म्हणजे अगदी हात. ते नाव पहिल्यांदा लिहिलं ते माझ्या अक्षरात.

मी धुळ्याला मजुरांच्या एका संघटनेसाठी पत्रकं लिहिते. धरणगावकडच्या जिनिंगमध्ये कुणाचे कपडे पट्ट्यात अडकले, यावलकडे केळीचे घड वाहताना कोण ट्रकखाली आलं, असं सगळं. पत्रकात हवामान चालत नाही. कुणावर अन्याय झाला, कधी झाला, आणि वाचणाऱ्यानं काय करायचं, एवढंच. पण आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली की माझ्याच्यानं पत्रक होत नाही. मी गावी येते, दोंडाईच्याला गाडीतून उतरते, आणि फलाटावर पाय ठेवताच शिंकते. मिरचीचे ढीग उठून दोन-तीन महिने झालेले असतात, तरी तिखट अजून हवेत असतं. लहानपणी आबा मला खांद्यावर बसवून गाड्या बघायला इथंच आणायचे. खिडक्यांतली माणसं शिंकायला लागली की ते सगळ्यांकडे बोट करून म्हणायचे, "दख, बठ्ठा आपला गावले नमस्कार करी राह्यनात."

ह्या वर्षीही शिंकले. शेजारून जाणाऱ्या बाईंनी सवयीनं म्हटलं, "जिती ऱ्हाय." मला रडू आलं. कारण काही नाही.

वैशाखातली आमची दुपार बाहेरच्या माणसाला सांगून कळायची नाही. शेतं रिकामी. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या. भेगा एवढ्या की चप्पल नीट ठेवावी लागते. गावात मात्र गजबज: माहेरी आलेल्या लेकी, कडुनिंबाला बांधलेले झोके, झोक्यावरची गाणी, खापरावरच्या पुरणपोळीचा वास. आमच्याकडे वर्षाचा खरा सण हाच. दिवाळीला नाही आली लेक तर चालतं, आखाजीला आली नाही तर आई जेवत नाही. आणि ह्याच दिवशी, ह्याच गजबजीत, गेलेल्यांना पाणी द्यायचं असतं. नवी मातीची घागर भरायची, तिच्यावर लहान भांडं, त्यावर खरबूज, दोन आंबे, दोन सांजोऱ्या. मग उंबरठ्यापाशी बसायचं, घरातल्या गेलेल्या एकेकाचं नाव मोठ्यानं घ्यायचं, आणि प्रत्येक नावाला उंबरठ्यावर कुंकवाचं एक बोट उमटवायचं. नाव घेतलं नाही तर त्या माणसाला स्वतःच्या घराचं दार सापडत नाही म्हणतात. तहानलेला फिरत राहतो.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण गेल्या आखाजीला आमच्या उंबरठ्यावर एक बोट उमटलं आणि नाव कुणीच घेतलं नाही. ते बिननावाचं बोट मी वर्षभर धुळ्याच्या खोलीत डोळे मिटले की बघते आहे.

आबा विहिरी खोदायचे. आमच्या तालुक्यात काळा पाषाण आहे. कुदळ नुसती घसरते. सुरुंग लावूनच खाली जावं लागतं. आबांची एक रीत होती. सुरुंग भरून झाले की सगळ्यांना वर काढायचं, दगड वर ओढायच्या यारीपाशी उभं करायचं, आणि एकेकाचं नाव पुकारायचं. ज्याचं नाव त्यानं 'शे', म्हणजे 'आहे', म्हणायचं.

"हिलाल?"

"शे!"

"भिला?"

"शे!"

असं एकेक करत शेवटी स्वतःचं. "लोटन?" आणि स्वतःच उत्तर द्यायचे, "शे!" पोरं हसायची. आबा हसायचे नाहीत. "नाव पुकारा बिगर वात लावानी नही," म्हणायचे. मग एकटे दोरानं खाली जायचे, वात पेटवायचे, वर यायचे, आणि आम्ही लांब बाभळीखाली कानात बोटं घालून बसायचो. जमीन एकदा पोटातून हलायची. धुरळा खाली बसेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग आबा पहार घेऊन पुन्हा खाली उतरायचे, सुटे दगड पाडायला. पहार कड्यावर आपटायची. टण वाजलं तर दगड पक्का. भद वाजलं तर बाजूला व्हा. त्यांच्या हाताखाली एकही माणूस मेला नाही. मी हे पत्रकात लिहिते तसं लिहिते आहे: एकही नाही.

मग बोअर आले. गाडी येते, एका दुपारात खाली जाते, पाणी लागलं तर लागलं. विहीर कोण खोदणार? तीन वर्षांपूर्वीच्या आखाजीच्या सुमाराला आबांनी शेवटची विहीर खोदली, तीही अर्धी. मालकानं मध्येच बोअरवाला बोलावला. त्या दिवसांतले आबा मला अजून दिसतात. भर उन्हात, अर्ध्या विहिरीच्या काठावर, पाय आत सोडून बसलेले. आत पाणी नाही. काम नाही. मी डबा घेऊन गेले तर म्हणाले, "नंदे, आतमाथून एवढा गारवा येस. वाया जाई राह्यना."

त्याच आठवड्यात मुकादम आला. हिमालयात रेल्वेचा बोगदा चाललाय, म्हणाला. यंत्रं पुष्कळ आहेत, पण स्फोटानंतर छताचे सुटे दगड ओळखून पाडणारा माणूस लागतो, आवाज कळणारा. आबांचा चेहरा उजळला. तसा उजळलेला चेहरा मी त्या उन्हाळ्यात दुसरा पाहिला नाही.

मोठी माय, म्हणजे आबांची बायको, चुलीपाशी होती. ती म्हणाली, "डोंगरना पोटमा कशाले जातस?"

"विहीर उभी ऱ्हास, हाई आडवी शे," आबा म्हणाले. "इतलाच फरक."

फरक आणखी एक होता. वयाची अट. एवढ्या उंचीवर, विरळ हवेत, ठरावीक वयाच्या वरचा माणूस घेत नाहीत. आबांचं वय चार वर्षांनी बसत नव्हतं. मुकादम पान चघळत म्हणाला, "कागद किसी का भी हो, आदमी काम का चाहिए."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॉलेजची, पत्रकं लिहिणारी, घरातलं चांगलं अक्षर माझं. "लिख व नंदे. राजधरनं नाव लिखी दे. त्यानी हनुवटी नि मन्ही हनुवटी एकच शे. डोंगरले काय कळस?"

राजधर म्हणजे माझे वडील, आबांचे धाकटे भाऊ. आम्ही त्यांना नाना म्हणतो. नाना हसत म्हणाले, "मन्हं नाव लई जा, पण परत लई येजो."

सगळे हसलो. मी ओट्यावर बसून फॉर्म भरला. झोक्यावर पोरी गात होत्या. आंब्याच्या रसाचे थेंब फॉर्मवर पडू नयेत म्हणून मी कागदाखाली वर्तमानपत्र धरलं होतं. एवढी काळजी घेतली होती मी.

वर गेल्यावर आबांचा फोन रविवारी दुपारी यायचा. त्यांच्या छावणीत रेंज नव्हती. अर्धा तास चढून एका वळणावर यावं लागे. म्हणून आधी नुसता श्वास ऐकू यायचा. बराच वेळ. मग आवाज.

"तठे ऊन शे का?"

"आबा, आंग भाजी राह्यनं."

"थोडं धाडी दे ना इकडे."

ते बोगद्याबद्दल सांगायचे आणि मी जेवता जेवता ऐकायचे. आता वाटतं, लिहून घ्यायला हवं होतं. आपला दगड म्हातारा आहे, सांगायचे, त्याला जे करायचं ते तो आधी बोलून दाखवतो. हा डोंगर कच्चा आहे. आज टण वाजतो, उद्या त्याच जागी भद. पोटात पाणी आहे, कुठून येईल सांगता येत नाही. डोंगराच्या दोन्ही बाजूंनी खणत येताहेत आणि मध्ये भेटायचं आहे. पलीकडच्या बाजूला कोण माणसं आहेत ते त्यांना माहीत नव्हतं. पण कधी कधी काम थांबलं की खडकाला कान लावला तर पलीकडची धडधड ऐकू येते, असं म्हणाले. तेव्हा बरं वाटतं, म्हणाले. कुणीतरी आपल्याकडेच येत आहे असं.

वर त्यांना आबा म्हणणारं कुणी नव्हतं. लोटन म्हणणारंही नव्हतं. हजेरीच्या फळीवर बिल्ला अडकवायचा, बिल्ल्यावर राजधर. जेवताना राजधर, झोपताना राजधर. एकदा फोनवर म्हणाले, "नंदे, आज एक गंमत व्हयनी. मी मालेच पुकारं. बोगदामा. लोटन? आन उत्तर दिन्हं, शे. बठ्ठा मन्हाकडे दखाले लागनात, बुढा पागल व्हयना."

मी हसले होते. त्यांनी स्वतःला का पुकारलं, हे मी विचारलं नाही. जेवण गार होत होतं.

वर गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला ते आले नाहीत. फोनवर विचारलं, "आंबा उना का बजारमा?" आलाय, म्हटलं. मग पुन्हा नुसता श्वास.

पोळ्याला बैल रंगवून झाले होते, शिंगांचा वारनीस अजून ओला होता, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नानांच्या फोनवर कुणीतरी हिंदीत विचारलं, "राजधर के घर से बोल रहे हो?" नाना म्हणाले, "मैं राजधर." पलीकडे शांतता. मग फोन कट.

नानांनी हे मला खूप नंतर सांगितलं. ती शांतता. आपण आपल्याच मरणाची बातमी घेतली असं त्यांना वाटलं.

चौथ्या दिवशी लाकडी पेटी आली. बरोबर ठेकेदाराचा एक माणूस, हातात फाइल. अंगणात सगळं गाव. पेटी उघडली. आबाच होते. हनुवटी तशीच. गावानं आबांना ओळखलं, आबांसाठी रडलं, आबांना उचललं. त्याआधी फाइलवाल्याला एक सही हवी होती. तो मोठ्या मायपाशी बसला आणि म्हणाला, "अम्मा, पति का नाम बताओ."

मोठ्या मायनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. लग्नात उखाणा घेतला असेल तेवढाच. हाक मारायची तर "आयकं का" म्हणायची. डॉक्टरनं विचारलं तर शेजारणीकडे बघायची आणि शेजारीण सांगायची. आमच्याकडच्या तिच्या वयाच्या सगळ्या बाया अशाच. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. त्या दिवशी कमी व्हायला काही उरलं नव्हतं, तरी तिचे ओठ उघडले नाहीत. तिनं सवयीनं दिराकडे पाहिलं. तू सांग, म्हणून.

फाइलवाला हळूच नानांना म्हणाला, "कागद पे राजधर है. अब बदलोगे तो सब फँसोगे. लड़की भी. अक्षर उसी का है ना?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी, जी धुळ्याच्या चौकात माइकवर ओरडते, मी जमिनीकडे पाहिलं.

नाना म्हणाले, "राजधर सखाराम."

मोठ्या मायनं अंगठा दिला.

त्यानंतर नाना मेले. थट्टा नाही, रेशनच्या दुकानात मशीननं तसं सांगितलं. अंगठा ठेवला, यादीत नाव नाही. तालुक्याला गेले तर कारकुनानं वर न बघता विचारलं, "मयताचे कोण तुम्ही?" "साहेब, मी जित्ता शे," नाना म्हणाले, "हात लाई दखा." कारकून म्हणाला, हात लावून होत नाही, दाखला लागतो. माझी आई कागदावर विधवा झाली. कुंकू लावताना ती आरशात नानांकडे बघून म्हणायची, "सांगा, पुसू का ठेवू?" पहिल्या दिवशी नाना हसले. नंतर त्यांनी आरसा असलेल्या खोलीत जाणं सोडलं. पारावर माणसं ते स्वर्गातून परत आल्यासारखं विचारायची, "काय राजधरभाऊ, वरथून कवय उनात? तठे चहा भेटस का?" बोलणाऱ्यांचा दोष नाही, खानदेशात माणूस मेल्यावरही थट्टा थांबत नाही. पण नाना पारावर जायचे थांबले. मग ओसरीतूनही आत सरकले. आबा नाहीत आणि नानाही नाहीत, असं घर झालं.

आणि मोठी माय? तिचा नवरा कागदावर जिवंत आहे. कामाला गेलेला आहे. ती कागदाप्रमाणे अजून त्याची वाट बघते आहे.

ह्या फाल्गुनात बोगद्यातून गाड्या सुरू झाल्या. मी एकटी गेले. दोन दिवस गाडी, मग जीप, मग चालणं. धुळ्याहून निघताना अंगाला घाम, आणि तिथं ओठ फुटून रक्त. चार पावलं चालले की थांबावं लागे, आणि मग माझ्याच तोंडून तो आवाज यायचा: नुसता श्वास. रविवारच्या फोनमधला.

बोगद्याच्या तोंडाशी एक काळा दगड उभा केला आहे. 'यांनी प्राण दिले.' खाली नावं. मी वरून खाली बोट फिरवत गेले. सापडलं. राजधर सखाराम, महाराष्ट्र. छान कोरलंय. एकही काना चुकलेला नाही.

जवळच्या कार्यालयात मला एक गुळगुळीत पुस्तिका मिळाली. बोगद्याचा इतिहास. पाहणी कुणी केली, आराखडा कुणी काढला, नारळ कुणी फोडला, शेवटचा स्फोट झाला तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक कसे गळ्यात पडले, त्याचा फोटो. फोटोत चकचकीत टोप्या. निसर्गानं परीक्षा पाहिली, असं एक वाक्य आहे. 'मनुष्यबळ' असा एक शब्द आहे. मी शेवटपर्यंत वाचलं. छताला पहार लावून ऐकणाऱ्या माणसाबद्दल एक ओळ नाही. खडकाला कान लावून पलीकडच्याची वाट बघणाऱ्याबद्दल तर नाहीच. ज्यांनी डोंगर कधी ऐकला नाही त्यांनी डोंगराचा इतिहास लिहिलाय.

दगडावरचं नाव चुकीचं आहे, मी तिथल्या साहेबांना सांगितलं. ते भले होते, चहा दिला. म्हणाले, दगड बदलायला दाखला लागेल. दाखला बदलायला ठेकेदाराचं पत्र. ठेकेदार काम संपवून निघून गेला. आणि हो, खोटा कागद कुणी दिला, त्याचाही जबाब लागेल.

रुळांच्या देखभालीवर एक झारखंडचा माणूस होता, मंगल. आबांच्या पाळीतला. मी दगडावरचं नाव सांगितलं तसं म्हणाला, "राजधर चाचा? आप उनकी बेटी?" मी हो म्हटलं. कागदाप्रमाणे खरंच होतं.

त्यानं मला सांगितलं ते मी इथं लिहिते, कारण ते कुठल्याही इतिहासात येणार नाही. त्या सकाळी आबा पहार आपटत होते. अचानक थांबले आणि हात वर केला: सगळे मागं. सगळे पळाले. आबा सर्वांत पुढं होते म्हणून सर्वांत मागं राहिले. माती झरायला लागली. मंगल ओरडला, "राजधर, भाग!"

"और चाचा ने," मंगल म्हणाला, "पीछे मुड़कर देखा. जैसे कोई और खड़ा हो पीछे. हमने फिर चिल्लाया, राजधर! वो ढूँढ रहे थे किसी को."

तो म्हणाला, "किसको ढूँढ रहे थे, दीदी?"

सव्वा वर्ष त्या नावानं जगलेला माणूस. पण छत कोसळताना माणूस स्वतःच्याच नावानं पळतो. आणि धाकटा भाऊ मागं आहे असं वाटलं तर थांबतो. हे मी सिद्ध करू शकत नाही. पत्रकात घालू शकत नाही. वळले नसते तर वाचले असते का, मंगललाही माहीत नाही. मला फक्त एवढं माहीत आहे की ते नाव तिथं मी नेऊन ठेवलं होतं.

परतताना मी त्या बोगद्यातून गाडीनं आले. डब्यात सुट्टीवर निघालेली कुटुंबं, हातात मोबाइल. अंधार झाला तशी सगळी पोरं एकदम ओरडली, आवाज घुमतो का बघायला. माझ्या मनात होतं, इथं एकदा पुकारायचं. लोटन? एवढंच. दिवे भिंतीवरून सरकत होते, मी तोंड उघडलं, आणि समोरच्या बाईंनी विचारलं, "खिड़की बंद कर दूँ? ठंड लग रही है." मी मान डोलावली. उजेड आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला माहेरी आलेल्या मुलीसारखं वाटायला हवं होतं, कारण हे आमच्या घरच्या माणसानं खणलं होतं. तसं काही वाटलं नाही. परक्याच्या घरातून न बोलता बाहेर पडावं, तसं वाटलं.

धुळ्याला आल्यावर मी संघटनेतल्या ज्येष्ठांना सगळं सांगितलं: मी आणि नाना जबाब देणार, खोटा कागद आम्ही दिला म्हणून. ते चष्मा पुसत म्हणाले, "नंदाताई, आत्ता नको. आपणच खोटे फॉर्म भरतो असं होईल. विरोधकांच्या हातात कोलीत कशाला?" मी विचारलं, मग आबांचं नाव? ते म्हणाले, "एका नावासाठी सगळी चळवळ पणाला लावायची?" हो, म्हटलं. तेव्हापासून मला बैठकांचा निरोप येत नाही.

तर ही आखाजी.

काल मोठ्या मायनं दोंडाईच्याच्या बाजारातून घागर आणली. कुंभाराकडे तिनं एकेक घागर बोटानं वाजवून पाहिली. मी बघत राहिले. टण. भद. टण. ती म्हणाली, "काय दखस? त्यासनीच शिकाडं."

आज सकाळी घागर भरली. खरबूज ठेवलं, आंबे ठेवले. बाहेर झोक्यावर पोरी. नाना आतल्या खोलीत होते. मोठी माय उंबरठ्यापाशी बसली. सासऱ्यांचं बोट, नाव नानांनी आतून सांगितलं. सासूचं बोट. मग तिसरं. गेल्या वर्षी इथंच सगळं गप्प झालं होतं. तिनं कुंकवात बोट बुडवलं आणि हात हवेतच ठेवला.

मी म्हटलं, "मोठी माय, मी लेऊ का नाव?"

"तू एकदाव लिखं ना?" ती म्हणाली. रागानं नाही. "आते बस."

नाना दारात येऊन उभे राहिले. मोठ्या मायनं पदर डोक्यावर ओढला, बोट उंबरठ्यावर टेकवलं, आणि सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा, उखाण्याशिवाय, म्हणाली:

"लोटन."

आवाज असा आला की जणू विचारत होती. झोका करकरत होता. घागरीच्या बाहेरून पाणी झिरपून खाली गोल ओल झाली होती. मग नाना म्हणाले, अगदी हळू, "शे."

मग ते बाहेर येऊन ओसरीत बसले. सगळ्यांना दिसतील असे. कैऱ्यांची टोपली पुढ्यात ओढली. उद्या आम्ही तिघं तालुक्याला जाणार. मोठी माय स्वतः नाव सांगणार आहे, साहेबाच्या तोंडावर. पुढं काय होईल ते होईल. माझ्यावर गुन्हा दाखल झाला तर तो खरा असेल.

आता तुम्ही. तुमच्या घरातलं, गल्लीतलं कुणीतरी दुसऱ्याच्या कागदावर कामाला गेलेलं आहे. बोगद्यात, धरणावर, कारखान्यात, वय बसत नव्हतं म्हणून, आधारवर चुकलं होतं म्हणून, तुमचं अक्षर चांगलं होतं म्हणून. तुम्हाला ते माहीत आहे. त्याला आज फोन लावा. रेंज नसेल तर पुन्हा लावा. त्याच्या खऱ्या नावानं हाक मारा आणि उत्तर येईपर्यंत फोन ठेवू नका. मग ते नाव, त्याच्या खऱ्या वयासकट, कागदावर लिहा, खाली तुमची सही करा, आणि तो कागद त्याच्या मुकादमाच्या हातात नेऊन द्या. वात अजून पेटलेली नाही तोवर.